खरवडण्याआधी

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांतल्या बऱ्याच छायाचित्रांत तिच्या मागे दोन चाकांचा एक लोखंडी डबा जोडलेला असतो, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. तोच हा पाव टनाचा ट्रेलर. पाव टन म्हणजे अमेरिकी हिशेबाने ५०० पौंड, साधारण २२७ किलो माल. तो खाचखळग्यांतून, चिखलातून, रस्ता नसेल तिथूनही जीपमागे ओढून नेता यावा, एवढीच लष्कराची अपेक्षा होती. या अपेक्षेतून जी वस्तू तयार झाली तिच्यात एकही गोष्ट हौसेखातर केलेली नाही. चाकं जीपचीच, ६.००-१६ मापाची, म्हणजे एकच जादा चाक दोघांच्या उपयोगी पडावं. डबा सलग पत्र्याचा आणि पाणी आत न शिरणारा, म्हणजे ओढ्यानाल्यात तो भरलेला असतानाही तरंगावा. म्हणूनच त्याला मागे फाळका नाही, कारण फाळका आला की फट आली. आत साचलेलं पाणी काढायला तळाला दोन बुचं. पुढे जीपच्या हुकात अडकणारं जाड कडं, जोडीला सुरक्षेच्या साखळ्या, जीप सोडवल्यावर उभं राहायला घडीचा पाय आणि उभा असताना घरंगळू नये म्हणून हातब्रेक. चालताना लावायचा ब्रेक त्याला नाहीच. ते काम जीपने करायचं. वाको ग्लायडरच्या, म्हणजे लष्कराच्या बिनइंजिनाच्या विमानाच्या, पोटात एक जीप मावत असे, किंवा जीपऐवजी हा ट्रेलर मालासकट मावत असे.

या डब्यामागे एक उपेक्षेची कहाणीही आहे, आणि अशा ट्रेलरच्या जीर्णोद्धाराच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. १९४०च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या, तेव्हा पहिला नमुना ४९ दिवसांत देण्याची अट होती. ती पाळली पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या आणि आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून बांधलेली गाडी २३ सप्टेंबर १९४०ला कँप होलाबर्डला हजर झाली. पुढे मात्र मोठी कंत्राटं गेली विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे. युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. बँटमच्या खात्यावर तीन हजारसुद्धा जमल्या नाहीत. तिच्या वाट्याला जी कामं आली त्यांतलं एक मोठं काम या ट्रेलरचं. जीप पहिल्यांदा ज्यांनी उभी केली त्यांच्या नावाची पाटी जीपच्या मागून ओढल्या जाणाऱ्या डब्यावर लागली! हाच ट्रेलर विलीसनेही बांधला. त्यामुळे पुढच्या बाजूला रिव्हेट मारून बसवलेली ती हाताएवढी पाटी, चासीवर ठोकलेला क्रमांक आणि दोघांच्या घडणीतले बारीकसारीक फरक हा सगळा पुरावा आहे. वितळलेल्या वेल्डिंगखाली किंवा लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, बोटभर जाड थराखाली तो एकदा गेला की परत मिळत नाही.

आता असा ट्रेलर आज हाती लागतो तो कुठल्या अवस्थेत, ते पाहू. युद्धानंतर हे ट्रेलर जादा सामान म्हणून विकले गेले. काही युरोपातल्या लष्करांनी पुढे अनेक वर्षं वापरले, आपापला हिरवा रंग देऊन आणि आपापल्या नियमांप्रमाणे दिवे बदलून. कितीतरी शेतकऱ्यांकडे, बांधकामवाल्यांकडे, सुट्टीला तंबू घेऊन निघणाऱ्यांकडे गेले. नव्या मालकाची पहिली तक्रार ठरलेली: माल बाजूवरून उचलून बाहेर काढावा लागतो. मग गॅस कटरने मागचा पत्रा कापायचा, बिजागऱ्या लावायच्या आणि फाळका करायचा. (खुद्द बँटमने युद्धानंतर नागरी बाजारासाठी काढलेल्या ट्रेलरला फाळका दिला, यावरून ही गरज किती खरी होती ते कळतं.) पुढचं लष्करी कडं काढून मोटारीच्या गोळा-हुकाला बसेल अशी जोडणी आली. बुचं हरवली, त्यांच्या जागी भोकं राहिली. किंवा उलट बुचं घट्ट बसून राहिली, पावसाचं पाणी वर्षानुवर्षं आतच साचलं आणि तळ व बाजू जिथे मिळतात तिथला सांधा आतून कुजला. वर तीन-चार रंगांचे थर चढले. अशा ट्रेलरला आपण बोली भाषेत ‘खराब झालेला’ म्हणतो. डेंटर-पेंटरकडे नेल्यावर उपचारही ठरलेले असतात: वाळूचा मारा करून पत्रा उघडा पाडायचा, कापलेलं जोडायचं, भोकं बुजवायची, लांबी भरून घासून गुळगुळीत करायचं, ऑलिव्ह ड्रॅब मारायचा, बाजूला पांढरा तारा काढायचा, आणि कुठल्यातरी छायाचित्रातला नोंदणी क्रमांक रंगवायचा. ट्रेलर देखणा दिसतो यात शंका नाही. पण या प्रस्तावनेचं म्हणणं असं की, इतिहास जपण्याच्या नावाखाली इथे बहुतेक वेळा इतिहास पुसला जातो, आणि तो पुसण्याआधी काय पुसतो आहोत हे कोणी वाचतसुद्धा नाही.

माझा मुद्दा हा की, जुन्या वस्तूवरची एखादी खूण काढायची असेल तर ती का काढायची हे सिद्ध करण्याची जबाबदारी काढणाऱ्याची आहे. ती ठेवू पाहणाऱ्याकडे खुलासा मागायचा नसतो. प्रत्यक्षात आज सगळं उलटं चालतं. कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशीचा ट्रेलर हेच त्याचं खरं रूप, आणि त्यानंतर जे झालं ते सगळं बिघाड, हे गृहीत धरूनच काम सुरू होतं. हे गृहीतक पुराव्यापुढे टिकत नाही. कारखान्याच्या दारातला ट्रेलर त्या अवस्थेत राहिला किती काळ? तुकडीकडे पोचला की खुणा रंगवल्या गेल्या, ताडपत्रीचे आकडे वाकले, कुणीतरी डबे बांधायला आत कड्या बसवल्या. लष्कराच्या दळणवळण विभागाने, सिग्नल कोअरने, तर तारांचे सांधे जोडणाऱ्यांसाठी असेच ट्रेलर वेगळ्या साजासह वापरले. आतल्या भिंतीवर ओळीने चार भोकं दिसली तर ती गंजाची खोड आहे की एखाद्या पेटीच्या बोल्टची जागा, हे बुजवण्यापूर्वी बघायला नको का? शिवाय लष्कराच्या दुरुस्ती आगारांत गाड्या सुट्या करून पुन्हा जुळवल्या जात. तिथे एकाची चासी आणि दुसऱ्याचा डबा एकत्र येणं हे रोजचंच काम. म्हणजे विलीसच्या चासीवर बँटमचा डबा दिसला की ‘हा अस्सल नाही, जोडकाम आहे’ असं म्हणून योग्य डबा शोधत फिरणारा संग्राहक कदाचित १९४५ सालचंच खरं काम मोडीत काढत असतो. अस्सलपणाची ही कल्पना मोटारींच्या लिलावातून आलेली आहे. लष्कराच्या आगारात ती कुणाला समजलीही नसती.

इमारतींच्या बाबतीत हा वाद दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे आणि त्यातून निघालेलं शहाणपण १९६४च्या व्हेनिस सनदेत नोंदलेलं आहे: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी जी रास्त भर घातली तिचा मान राखला पाहिजे, एकाच काळाची एकसंध शैली हे ध्येय नव्हे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, पुढे ट्यूरिन सनदेत हीच तत्त्वं मोटारींना लावली. पण तत्त्वापेक्षा उदाहरण बोलकं असतं, आणि हॅलिफॅक्स बाँबर विमानांचं उदाहरण या विषयात मला सगळ्यात बोलकं वाटतं. या जातीची सहा हजारांहून जास्त विमानं बांधली गेली आणि जवळजवळ सगळी भंगारात गेली. आज पाहायला मिळणाऱ्या तिघांचं काय झालं ते बघा. एप्रिल १९४२मध्ये टिरपिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करताना मार लागलेलं एक विमान नॉर्वेतल्या होक्लिंगेन तळ्याच्या बर्फावर उतरलं आणि बुडालं. १९७३मध्ये ते बाहेर काढलं, आणि लंडनजवळच्या हेंडन इथल्या संग्रहालयात ते वाकलेलं, फाटलेलं, तळ्याने केलं तसंच ठेवलेलं आहे. दुसरं, नॉर्वेतल्याच म्योसा तळ्यातून १९९५मध्ये काढलेलं, कॅनडात ट्रेंटनला नेऊन दहा वर्षांच्या मेहनतीने जवळपास नव्यासारखं उभं केलं. तिसरं यॉर्कशरमध्ये एल्व्हिंग्टनला आहे. त्याच्या धडाचा एक भाग स्कॉटलंडच्या एका बेटावर कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरात होता, आणि पंख हेस्टिंग्ज या दुसऱ्याच विमानाचे आहेत. तिन्ही निर्णयांना समर्थन आहे. पण युद्धात विमानाचं काय होतं, हे फक्त हेंडनचं विमान सांगतं. विमान कसं दिसत असे ते ट्रेंटनला कळतं. आणि एल्व्हिंग्टनच्या विमानाबद्दल लोक सगळ्यात आधी ज्या गोष्टीची आठवण काढतात ती त्या खुराड्याची! वस्तूच्या नंतरच्या, बिनलष्करी आयुष्यालाही स्मृतीत जागा असते, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो गंजाचा, आणि तो योग्यच आहे. लोखंड हे दगडासारखं निवांत नसतं. जसं आहे तसं ठेवलं तर वीस पावसाळ्यांत तळ गळून पडेल आणि जपलेला इतिहास झाडूने गोळा करावा लागेल. आपल्याकडे कोकणपट्टीत तर वीससुद्धा लागणार नाहीत. १९६५च्या युद्धात हाती लागलेले पॅटन रणगाडे देशात ठिकठिकाणी उघड्यावर उभे आहेत. त्यांना वेळोवेळी रंग द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण गंज थांबवणं आणि गंजाबरोबर सगळंच खरवडून टाकणं या दोन क्रिया वेगळ्या आहेत. सांध्यातला सुटा गंज हाताने, ब्रशने काढता येतो. टॅनिक आम्लाने उरलेला स्थिर करता येतो. रंगाचे जे थर अजून धरून आहेत त्यांवर मेणाचा किंवा पुन्हा विरघळवून काढता येईल अशा ॲक्रिलिक रेझिनचा हात देता येतो. तळ इतका कुजला असेल की पत्रा बदलायलाच हवा, तर तेवढाच तुकडा बदलावा. नव्या पत्र्याच्या खालच्या बाजूला साल ठोकून ठेवावं, आणि कापलेला जुना तुकडा भंगारवाल्याला देऊ नये. त्याच्यावरचे रंगाचे थर उद्या कुणालातरी वाचायचे असतात. वाळूच्या माऱ्याला मात्र माझा जवळजवळ सरसकट विरोध आहे. तासाभराच्या सोयीसाठी ऐंशी वर्षांची कागदपत्रं जाळण्यासारखं ते काम आहे. आणि त्या थरांत शिसं आणि झिंक क्रोमेट असतं, तेव्हा ती धूळ नाकातोंडात घेणाऱ्या कामगाराचा विचार म्हणूनही ते टाळावं.

हे थर वाचायचे कसे, याचं तंत्र अवघड नाही, फक्त धीराचं आहे. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एका नाण्याएवढ्या जागी हळूहळू घासत गेलं की थर एकाभोवती एक अशा वर्तुळांत उघडे पडतात: सगळ्यात बाहेर शेवटच्या मालकाचा निळा, मग एखाद्या युरोपीय लष्कराचा हिरवा, मग मंद, अजिबात न चमकणारा युद्धकाळातला ऑलिव्ह ड्रॅब, मग प्राइमर. जिथे नोंदणी क्रमांक असायची शक्यता आहे तिथे हेच काम रुंद पट्ट्यात केलं तर कधी कधी जुना आकडा उमटतो. अमेरिकी लष्कराच्या त्या काळच्या पद्धतीत वाहनाचा प्रकार क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यावरून कळे आणि ट्रेलरांचा क्रमांक शून्याने सुरू होई. जीपच्या छायाचित्रावरून वीसने सुरू होणारा क्रमांक ट्रेलरवर रंगवून मोकळे होणारे हौशी लोक इथे उघडे पडतात. खरा क्रमांक सापडला तर तोच ट्रेलरवर राहावा. सापडला नाही तर ती जागा रिकामी राहावी. रिकामी जागा डोळ्याला खुपते, हे मान्य. पण कल्पनेने लिहिलेला क्रमांक पुढच्या अभ्यासकाला खोटी साक्ष देतो, आणि दहा वर्षांनी ती खोटी आहे हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. हल्ली पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नव्या कोऱ्या पाट्या हव्या त्या क्रमांकासह ठोकून मिळतात. अशी पाटी लावायचीच असेल तर तिच्या मागच्या बाजूला ‘प्रतिकृती’ असं कोरावं. दिसण्यात काही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतून घेता येईल आणि तो जास्त अवघड आहे. थर उतरवल्यावरच मूळ दिसतं, असं आपली परंपराही सांगते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच २०२२ साली उतरवलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कुणी न पाहिलेलं कोरीव रूप समोर आलं आणि लोकांना आनंदच झाला. मग ट्रेलरवरच्या निळ्या रंगाचं एवढं कौतुक कशाला? उत्तर असं की, शेंदराखाली मूर्ती शाबूत होती. खालचं जास्त मोलाचं आहे आणि टिकून आहे याचा पुरावा असेल, तर वरचं उतरवण्याचं कारण आपोआप सिद्ध होतं. मघाशी ज्या जबाबदारीबद्दल बोललो ती तिथे पार पडलेली असते. ट्रेलरच्या निळ्या थराखाली एखाद्या तुकडीच्या पूर्ण खुणा धडधाकट सापडल्या तर निळा जरूर उतरवावा, आधी त्याचं छायाचित्र काढून आणि एका कोपऱ्यात हातभर पट्टी राखून. पण बहुतेक वेळा खाली सापडतो तो तुटक रंग आणि गंज. तिथे निळा काढून आपण जे ‘मूळ’ आणतो ते डब्यातून विकत आणलेलं असतं. उतरवून सापडणं आणि उतरवून रंगवणं यांतला हा फरक लक्षात ठेवला की निम्मे वाद मिटतात.

फाळक्याचा वाद मात्र मिटत नाही, आणि तो मिटावा असा माझा आग्रहही नाही. कापलेला पत्रा जोडून डबा पुन्हा पाणबंद करावा, असं म्हणणाऱ्यांची बाजू बळकट आहे, कारण तरंगणं हे या ट्रेलरचं मर्म होतं आणि फाळक्याने ते नष्ट झालं. उलट, युद्धानंतर या डब्याने शेतात धान्य, खत, विटा वाहून जे दुसरं आयुष्य काढलं, तेही लष्करी आयुष्यापेक्षा बहुधा कितीतरी लांबच होतं. मी इथे कामाच्या दर्जाकडे बघेन. बिजागऱ्या नीट घडवलेल्या असतील, कडा वळवून मजबूत केल्या असतील, तर ते एका कारागिराचं विचारपूर्वक काम आहे; ते ठेवावं. घाईने कापून वाकडातिकडा जोडलेला, डब्याला पीळ पाडणारा फाळका असेल तर तो काढण्याचं कारण सिद्ध होतं. हा निकष व्यक्तिनिष्ठ आहे असं कोणी म्हणेल. आहेच. तो वापरणाऱ्याने आपलं कारण लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्याला त्याच्याशी भांडता येईल.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र इतिहासाने एक पाऊल मागे घ्यावं. कुजलेली चासी, चिरा पडलेलं कडं, तडकलेले पाटे हे सगळं राखून ट्रेलर महामार्गावर ओढणं हे दुसऱ्याच्या जिवावर केलेलं इतिहासप्रेम आहे. चाकं युद्धकाळातली दोन भागांत बोल्टने जोडलेली असतील तर हवा पूर्ण काढल्याशिवाय रिंगचे नट सैल करूच नयेत. चाकाचे नट समजून ते खोलणाऱ्याच्या अंगावर रिंग गोळीसारखी येते. पण इथेही पर्याय असतो. युरोपात हौशी लोक आजच्या नियमांचे दिवे एका फळीवर बसवून ती ट्रेलरच्या मागे टांगतात आणि प्रदर्शनात काढून ठेवतात. मागच्या पत्र्याला नवं भोक पडत नाही. आपल्याकडे धोका वेगळाच आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे दशकानुदशकं त्या घराण्याच्या गाड्या बनवल्या, म्हणून जीपच्या जातीचे सुटे भाग आपल्या बाजारात सहज मिळत आले. सोय मोठी आहे, पण सहज मिळतं म्हणून जुनं हब, जुनी बेअरिंग, जुना बोल्ट न तपासताच भंगारात टाकला जातो. नवं लावावं, जुनं चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावं.

असे ट्रेलर हजारोंनी बांधले गेले, एखादा नव्यासारखा केला तर काय बिघडलं, असंही विचारलं जातं. बिघडत नाही, जर तो आधीच कुणीतरी खरवडून रंगवलेला असेल. तशा ट्रेलरवर गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, आणि ज्यांना १९४४चा देखावा उभा करायचा आहे त्यांनी तोच घ्यावा. हजारोंनी बांधले गेले हे खरं असलं, तरी न घासलेले, थर शाबूत असलेले किती उरले हा खरा प्रश्न आहे, आणि ते दर वर्षी कमीच होतात. सैनिकांच्या सन्मानाचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ज्यांनी तो ट्रेलर ओढला त्यांनी तो चकचकीत पाहिलाच नव्हता. मालकाचा हक्क राहिला. तो कायद्याने पुरा आहे आणि कुणी काढून घेत नाही. पण मालक बदलतात, आणि प्रत्येक मालक आधीच्याच्या निर्णयांसकट वस्तू विकत घेतो.

म्हणून पुढच्या प्रकरणांत पत्राकाम, पाटे, हब, वायरिंग आणि रंग यांची कृती येण्याआधी एका वहीचं प्रकरण ठेवलं आहे, आणि ते ओलांडून कुणी पुढे जाऊ नये अशी विनंती आहे. ट्रेलर घरी आला त्या दिवशीची चारही बाजूंची, तळाची आणि आतली छायाचित्रं; पाटीचा आणि चासीवरच्या क्रमांकाचा पेन्सिलने कागदावर घेतलेला ठसा; प्रत्येक भोकाचं माप आणि जागा; रंगाच्या थरांचा क्रम; ज्याच्याकडून घेतला त्याने सांगितलेली हकीकत, खरी वाटो वा न वाटो; काय काढलं, का काढलं, कशाने काढलं. ही वही ट्रेलरबरोबर विकली जावी. डब्याच्या आत ओलाव्याने ती टिकत नाही, तेव्हा तिची एक प्रत घरात ठेवावी आणि दुसरी गाडीच्या कागदपत्रांना टाचून द्यावी.